रक्तदाबाची गोळी आणि मूत्रपिंडातील कॅल्शियमची दारे

हुबळी आणि धारवाड यांच्या दरम्यान असलेल्या अमरगोळच्या बाजार आवारात मालाच्या गाड्या फाटकातूनच आत येतात, वाटेल तेथून शिरत नाहीत. शरीरातील प्रत्येक पेशीच्या आवरणातही असाच बंदोबस्त असतो. कॅल्शियम हे हाडांचे द्रव्य म्हणून सर्वांच्या परिचयाचे आहे. पेशीला मात्र तो हुकूम असतो. पेशीच्या बाहेर त्याचे प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट असते. त्यामुळे दार क्षणभर उघडले तरी ते वेगाने आत येते आणि स्नायुपेशी आकुंचन पावते. हा शोध लागला तो नळाच्या पाण्यामुळे! लंडनच्या सिडनी रिंगर यांनी १८८३ साली दाखविले की, नळाच्या पाण्याने केलेल्या क्षारद्रावणात बेडकाचे हृदय चालत राही. शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी वापरताच ते थंडावे. फरक होता नळाच्या पाण्यातील कॅल्शियमचा. पुढे १९६० नंतरच्या दशकात जर्मनीतील आल्ब्रेख्ट फ्लेकेनस्टाइन यांनी ही आवक रोखणारी औषधे ओळखली.

त्याच वर्गातील ॲम्लोडिपिन आज खेडोपाडी पोहोचले आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन व क्लोरथॅलिडोन या औषधांवर भर आहे. महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा व भंडारा हे त्यातील आरंभीचे जिल्हे होत.

आता मूत्रपिंडाकडे वळू. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीला रक्त आणणारी एक बारीक रोहिणी आणि रक्त नेणारी दुसरी. ॲम्लोडिपिन ज्या दारांवर बसते, ती दारे आणणाऱ्या रोहिणीत विपुल, तर नेणाऱ्या रोहिणीत थोडी असतात. परिणाम असा की येणारी वाट रुंदावते, जाणारी फारशी रुंदावत नाही. पाटाचे वरचे दार उघडून खालचे तसेच ठेवल्यावर वाफ्यात पाणी तुंबते, तसेच हे होय. अंगातील एकंदर रक्तदाब पुरेसा उतरला तर बाधत नाही. अर्धवट उतरला तर गाळणीवरील भार उलट वाढू शकतो.

लघवीतून प्रथिन जाणाऱ्या मधुमेही रुग्णांना याचा विशेष धोका. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या १,७१५ रुग्णांच्या चाचणीत इर्बेसार्टन घेणाऱ्यांची मूत्रपिंडे ॲम्लोडिपिन घेणाऱ्यांपेक्षा अधिक टिकली. रक्तदाब दोन्हींकडे जवळजवळ सारखाच उतरला होता. टेल्मिसार्टन हे इर्बेसार्टनचेच भावंड. ते मुख्यत्वे जाणारी वाट मोकळी करते. म्हणून अशा रुग्णांत ते आधी, आणि ॲम्लोडिपिन जोडीला, असा क्रम वैद्य पाळतात. ॲम्लोडिपिन वाईट म्हणून नव्हे. ते एकटे पुरत नाही म्हणून.

क्लोरथॅलिडोनचा मार्ग निराळा. ते कॅल्शियमचे दार बंद करीत नाही. मिठाची परत-वाहतूक रोखते. मूत्रपिंडातून दिवसाकाठी सुमारे १० ग्रॅम कॅल्शियम गाळले जाते व त्यातील जेमतेम १०० ते २०० मिलिग्रॅम लघवीत जाते. या औषधाने तेही घटते.

व्यवहारात मात्र घोटाळा होतो तो पायांच्या सुजेने. ॲम्लोडिपिनने सूक्ष्म रोहिण्या सैलावतात, पाण्याचा अंश घोट्यांशी उतरतो. रुग्ण समजतो, मूत्रपिंड गेले. गोळी टाकतो, आणि सूज ओसरताच रक्तदाब पुन्हा चढतो. सुजेचे कारण गोळी की मूत्रपिंड, हे लघवीतील प्रथिन आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून ठरविता येते. टेल्मिसार्टन जोडल्यास ही सूज पुष्कळदा कमी होते. गुडघेदुखीसाठी दुकानातून घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी मात्र गाळणीकडे येणारी वाट आवळते. टेल्मिसार्टन व लघवी वाढविणाऱ्या औषधाच्या जोडीला ती पडली, विशेषतः उन्हाळ्यात किंवा जुलाबात अंगातील पाणी आटलेले असताना, तर मूत्रपिंड काही दिवसांतच बंद पडू शकते. तेव्हा तपासणीस जाताना रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर या दुकानच्या गोळ्यांची वेष्टनेही सोबत न्यावीत.