वैर महासत्तांचे, राख होडीवर

(शेतकरी व मच्छीमारांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अमेरिका आणि रशिया यांनी एकमेकांशी सलोखा करावा की करू नये, हा आजचा विषय. तो ऐकून तुमच्यातले काहीजण मनात म्हणाले असतील, ही उठाठेव आम्हाला कशाला? रापण ओढणाऱ्याने आणि नांगर धरणाऱ्याने महासत्तांची चिंता का वाहावी? याचे उत्तर म्हणून मी एका बोटीची हकिगत सांगतो. ती घडलेली आहे.

१ मार्च १९५४ ची पहाट. जपानच्या याइझू बंदराची एक बोट पॅसिफिक महासागरात कुपा पकडीत होती. बोटीवर माणसे २३. नाव दाइगो फुकुर्यू मारू. त्यातल्या फुकुर्यू शब्दाचा अर्थ भाग्याचा ड्रॅगन. एकाएकी पश्चिमेचे आकाश पेटल्यासारखे उजळले. काही वेळाने स्फोटाचा आवाज आला आणि मग आभाळातून पांढरी राख पडू लागली. ती केसांत बसली, अंगाला चिकटली, पकडलेल्या मासळीवर साचली. अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली होती. शास्त्रज्ञांच्या अंदाजापेक्षा स्फोट सुमारे अडीच पट मोठा झाला. बोट जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर होती. नियम मोडला नव्हता, तरी शिक्षा मात्र त्यांना झाली.

दोन आठवड्यांनी बोट बंदरात परतली तेव्हा खलाशी आजारी होते. कातडी भाजलेली, केस गळू लागलेले. बिनतारी यंत्र चालवणारे आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबर रोजी मरण पावले. पुढे इतर बोटींच्या मासळीतही ते विष सापडले. शेकडो टन मासळी फेकून द्यावी लागली. लोक मासळी घेईनात, भाव कोसळले. ज्या कोळ्यांनी तो उजेड पाहिलाही नव्हता, त्यांच्याही चुली थंडावल्या.

अमेरिकेचे वैर जपानशी होते काय? नव्हते. वैर होते सोव्हिएत संघाशी. त्यानेही १९५३ साली आपला बॉम्ब उडवला होता. मित्रहो, दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, अशी आपल्यात म्हण आहे. अणुबॉम्बाच्या युगात दोघांचे भांडण म्हणजे तिसऱ्याचे मरण!

हे ओळखून २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत मागणी केली की, अशा चाचण्या निदान थांबवून तरी ठेवा. तेव्हा ऐकले कोणी नाही. चाचण्या चालूच राहिल्या. वाऱ्याबरोबर विष गवतावर, गवतातून गाईच्या दुधात, दुधातून लेकरांच्या हाडांत गेले. १९६२ च्या ऑक्टोबरात क्यूबाच्या प्रश्नावरून दोन्ही महासत्ता अणुयुद्धाच्या काठावर जाऊन उभ्या राहिल्या. तिथून खाली डोकावल्यावर मात्र दोघांनाही घाम फुटला. ५ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिका, सोव्हिएत संघ व ब्रिटन यांनी मॉस्कोत करार केला: हवेत, पाण्याखाली व अंतराळात अणुचाचणी करायची नाही. भारतानेही त्याच महिन्यात सही केली. फ्रान्स व चीन बाहेर राहिले, आणि जमिनीखालचे स्फोट चालूच होते. करार अपुराच होता. पण त्या तीन देशांच्या बॉम्बची राख समुद्रावर पडायची थांबली.

आता कोणी विचारील, शत्रूवर विश्वास कसा ठेवायचा? माझे म्हणणे असे की, विश्वास लागतोच असे नाही. खाजनात दोन शेजाऱ्यांचे पटत नसते, एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. पण भरतीने बांधाला भगदाड पाडले की दोघेही माती घेऊन धावतात. खारे पाणी शेतात शिरताना शेत कोणाचे, हे विचारीत नाही. मॉस्कोचा करार असाच होता. हवेतला स्फोट लपत नाही, म्हणून चोरी पकडता येत होती. जेथे पाहता येते तेथे करार टिकतो. १९७२ साली याच दोघांच्या आरमारांनीही ठरवले की, भर समुद्रात एकमेकांच्या जहाजांवर चाल केल्यासारखे खेळ करायचे नाहीत. वैर होतेच, फक्त वैराला वल्हे लावले.

पण सलोखा म्हटला की टाळ्या पिटायच्या, असेही मी सांगणार नाही. २३ ऑगस्ट १९३९ रोजी हिटलरचा जर्मनी आणि स्टॅलिनचा सोव्हिएत संघ यांनीही करार केला होता. त्याला एक गुप्त पुरवणी होती. महिना उलटायच्या आत दोन बाजूंनी दोन सैन्ये पोलंडमध्ये घुसली. तोही सलोखाच! म्हणून कसोटी एकच ठेवा. करार उघड आहे की गुप्त? आणि जो तेथे बसलेला नाही, त्याच्या ताटात काय पडते?

वैराची किंमत शेतकरीही देतो. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या म्हणून जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेने त्यांना जादा धान्य विकणे बंद केले. मॉस्कोने अर्जेंटिनाचे धान्य घेतले. फौजा हटल्या नाहीत. चिडला तो अमेरिकेचाच शेतकरी. १९८१ साली ती बंदी उठवावी लागली.

१९८० नंतरच्या दशकाच्या मध्याला जगात सुमारे ७०,००० अण्वस्त्रे होती. बोलणी झाली, करार झाले, आणि आता ती सुमारे १२,००० वर आली आहेत. ही घट मुख्यतः सलोख्याची कमाई. पण १९८७ चा मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार २०१९ मध्ये संपला, आणि मोठ्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारा करार रशियाने २०२३ मध्ये स्थगित केला. बांधाची माती पुन्हा सुटते आहे.

म्हणून या प्रश्नावर मत मागितले तर 'आम्हाला काय त्याचे' म्हणू नका. त्यांनी मित्र व्हावे हा आग्रह नाही. त्यांनी बोलत राहावे, उघड लिहून द्यावे आणि एकमेकांना तपासू द्यावे, हा आग्रह आहे. याइझूच्या त्या २३ जणांना कोणी विचारले नव्हते. आपल्याला विचारण्याआधीच आपण बोलले पाहिजे.