रकान्याचं नाव एकच हवं

बंगळुरूत सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीचं पाणी टँकरचं. किती टँकर लागतील आणि टाकी कोणत्या दिवशी रिकामी पडेल, यासाठी मी 'आर'मध्ये दोन मॉडेलं केली. एका तक्त्यात रकाना 'टी व्हॅल्यू', दुसऱ्यात 'झेड व्हॅल्यू'. तक्ते जोडले, तर अर्ध्या जागा रिकाम्या! त्यामुळे सुट्टीचा परिणामच नाही असं समजलो आणि रविवारी नळ कोरडे. चूक माझीच.

फौजेत वायरलेसवर 'बी' म्हणजे सगळ्यांसाठी 'ब्राव्हो'. 'ब्रूम' पॅकेज तेच करतं: दोन्हीकडे 'स्टॅटिस्टिक' आणि 'पी.व्हॅल्यू'. पण नाव एक झालं तरी टी आणि झेड वेगळेच. म्हणून मॉडेलच्या नावाचा रकाना आपण स्वतः जोडायचा. जय हिंद!