एक शनिवार आगगाडीसाठी
(मंडळाच्या यंदाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीचा फोन आला तेव्हा विषय सांगितला होता, 'आमचा वीकएंड'. त्यांची अपेक्षा असणार की मी बँफ, लेक लुईस, फार तर ड्रमहेलरचे डायनोसॉर यांवर बोलेन. पण त्यावर इथे बसलेला प्रत्येक जण माझ्यापेक्षा जास्त बोलू शकेल, आणि प्रत्येकाकडे फोटोही असतील! म्हणून मी एका वेगळ्याच गोष्टीवर बोलणार आहे. दर एप्रिलच्या सुमाराला आपल्या कॅलगरीत मॉडेल रेल्वेचं एक मोठं प्रदर्शन भरतं, 'सुपरट्रेन' नावाचं. त्याला जावं की न जावं? ज्यांना वड्यांच्या रांगेत पुढे नंबर लावायचाय त्यांनी खुशाल उठावं. पण ज्यांच्या घरी आठ-दहा वर्षांचं मूल आहे, किंवा भारतातून आई-वडील आलेले आहेत, त्यांनी दहा मिनिटं बसा.

आधी थोडी माहिती. हे प्रदर्शन नॉर्थ-ईस्टला जेनेसिस सेंटरमध्ये भरतं. म्हणजे आपण पोहे, गूळ आणि कढीपत्ता आणायला जातो त्याच बाजूला. कॅलगरीला असलं प्रदर्शन शोभूनही दिसतं, कारण हे गावच रेल्वेनं वाढवलेलं. १८८३ साली कॅनेडियन पॅसिफिकचे रूळ इथवर पोचले, १९९६ साली कंपनीचं मुख्यालय इथे आलं, आणि २०२३ साली कॅन्सस सिटी सदर्नशी एकत्र होऊन कंपनीचं नाव सीपीकेसी झालं तरी मुख्यालय इथेच राहिलं.

तर आता आमच्या घरची गोष्ट.

माझे सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, रेल्वेत स्टेशन मास्तर होते. नोकरीची बरीच वर्षं चाळीसगाव–धुळे शाखेवरच्या छोट्या स्टेशनांवर गेली. सासूबाई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच एकटे आमच्याकडे आले, सहा महिन्यांसाठी. आले तेही नेमके हिवाळ्यात. आम्ही दोघं सकाळी सातला बाहेर, मुलगा शाळेत. नाना आणि टीव्ही. संध्याकाळी मुलगा घरी आला की आजोबा विचारायचे, "काय म्हणतेय शाळा?" तो म्हणायचा, "गुड." संपलं संभाषण! त्याचं मराठी 'आजी, भूक लागली' इथवरचं आणि नानांचं इंग्रजी स्टेशनच्या रजिस्टरमधलं. रात्री लांबून मालगाडीचा भोंगा ऐकू आला की नाना हातातलं पुस्तक खाली ठेवायचे. गाडी जाईपर्यंत ऐकत बसायचे आणि मग पुन्हा पुस्तक उचलायचे. मी हे पाहिलं होतं. पण त्याचा अर्थ काही लावला नव्हता.

त्या एप्रिलमध्ये नवऱ्याने प्रदर्शनाचा विषय काढला. मी हिशेब मांडला. आपण बायका हिशेबाला पक्क्या! तिकिटं, बाहेरचं जेवण, मुलाचा शनिवारचा गणिताचा क्लास बुडणार, आठवड्याचे कपडे धुवायचे राहणार, आणि हे सगळं कशासाठी? तर टेबलावर गोल गोल फिरणाऱ्या खेळण्यातल्या गाड्या बघायला! मी म्हटलं, "नाना, तुम्हाला जायचंय का?" नाना म्हणाले, "नको गं. मलाही फारशी हौस नाही." विषय संपला. मे महिन्यात नाना परत गेले.

नंतर त्यांची खोली आवरताना कपाटाच्या खणात वर्तमानपत्राचं एक कात्रण मिळालं. त्याच प्रदर्शनाची जाहिरात. तारखेभोवती लाल बॉलपेनने गोल केलेला होता.

मी ते फेकलं नाही. फ्रिजवर लावलं. वर्षभर दूध काढताना रोज समोर दिसायचं.

पुढच्या वर्षी नाना मार्चमध्ये आले आणि एप्रिलमध्ये आम्ही चौघं गेलो. आता तुम्हाला वाटेल, आत शिरल्याबरोबर नानांचा चेहरा खुलला. छे! पहिला तास अगदीच फुकट गेला. हॉलभर गर्दी, मुलांचा आरडाओरडा, स्ट्रोलर पायावर. दाराजवळच्या टेबलांवर सगळा विक्रीचा माल. जुनी इंजिनं, डबे, खोक्यात भरलेली झाडं. नानांचे गुडघे दुखायला लागले. म्हणाले, "हा तर बाजार आहे. गाड्या कुठायत?" मुलाला लेगोच्या टेबलापाशी थांबायचं होतं, नवऱ्याला सगळंच बघायचं होतं. मी मनात म्हटलं, माझा हिशेब बरोबरच होता.

मग आम्ही हॉलच्या मागच्या बाजूला एका क्लबच्या मोठ्या लेआउटपाशी आलो. लेआउट म्हणजे रूळ, स्टेशनं, डोंगर, बोगदे असं सगळं मांडलेलं दृश्य. क्लबचे सभासद घरी आपापला तुकडा बनवतात आणि प्रदर्शनात आणून एकमेकांना जोडतात. इथे गाड्या नुसत्या गोल फिरत नव्हत्या. एक गाडी स्टेशनात थांबून राहिली होती, समोरून दुसरी येईपर्यंत. नाना थांबले. दोन मिनिटं बघून म्हणाले, "एकेरी मार्ग आहे. क्रॉसिंग चाललंय."

आत उभे असलेले एक गोरे आजोबा, नानांच्याच वयाचे, तेही रेल्वेतून निवृत्त झालेले. मी दुभाषी झाले. नानांनी विचारलं, "ह्याला लाईन क्लिअर कोण देतं?" मी भाषांतर करायच्या आधीच त्या आजोबांना 'लाईन क्लिअर' कळलं! मग नानांनी हातवारे करून सांगायला सुरुवात केली. आपल्याकडे एकेरी मार्गावर दोन स्टेशनांमध्ये टोकनची यंत्रं असायची, विजेच्या तारेनं एकमेकांशी जोडलेली. त्यातून लोखंडी गोळा बाहेर निघायचा. एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्ही यंत्रांतून दुसरा निघूच शकत नाही. गोळा ज्या ड्रायव्हरच्या हातात, त्याचीच गाडी पुढे जाणार. गाडी थांबणार नसेल तर गोळा चामडी पिशवीत घालून, पिशवी मोठ्या कड्याला लावून, कडं उंच धरून रुळाशेजारी उभं राहायचं. चालत्या इंजिनातून हात बाहेर यायचा आणि कडं उचलून न्यायचा.

नानांनी हात वर केला, कडं धरल्यासारखा. आणि त्या आजोबांनीही हात वर केला, अगदी तसाच! कारण कॅनडातही तेच होतं. इथे गोळा नव्हता, पातळ कागदावर लिहिलेली ऑर्डर असायची. पण तीही कड्याला नाहीतर काठीला अडकवून चालत्या गाडीत द्यायची. पुढे रेडिओ आला आणि ते गेलं. दोन म्हातारे नॉर्थ-ईस्ट कॅलगरीत हात वर करून उभे, आणि आमचा चिरंजीव आ वासून बघतोय.

मग त्यानेच मराठीत विचारलं, "आजोबा, गोळा हरवला तर?"

नानांनी त्याच्याकडे बघितलं. म्हणाले, "हरवला होता एकदा. रात्री दोन वाजता. माझ्याच हातून." ड्रायव्हरच्या हातात कडं नीट आलं नाही आणि पिशवी शेतात उडाली. गाडी थांबली. नाना, गार्ड आणि पॉइंट्समन कंदील घेऊन ज्वारीच्या शेतात शोधत होते. गोळा मिळेपर्यंत गाडी हलवायची नाही, कुणी कितीही ओरडलं तरी नाही. ही गोष्ट माझ्या नवऱ्यानेही कधी ऐकली नव्हती. मुलानं विचारलं, "तुम्ही घाबरलात?" नाना म्हणाले, "गाडी थांबली होती ना. मग कशाला घाबरायचं? नियम पाळला की झोप लागते."

त्या आजोबांनी मुलाच्या हातात कंट्रोलर दिला. हल्ली हे डिजिटल असतं. एकाच रुळावरची प्रत्येक गाडी वेगवेगळी चालवता येते, आणि म्हणूनच दोन गाड्या समोरासमोर आणून आपटवताही येतात! तेव्हा तिथेही कुणीतरी 'जा' आणि 'थांब' म्हणावं लागतं. नाना त्याच्या मागे उभे राहिले. "थांब. आधी समोरची येऊ दे. आता सोड." आमच्या मुलाने आजोबांचं इतकं मराठी एका दमात त्याआधी कधी ऐकलं नसेल.

निघताना नाना आपली शान राखायला म्हणाले, "तुमचे रूळ मात्र अरुंद हो. आमचे साडेपाच फुटी." ते आजोबा हसले आणि त्यांनी सांगितलं की १८५० च्या दशकात पूर्व कॅनडातल्या ग्रँड ट्रंक रेल्वेचे रूळही साडेपाच फुटीच होते, अगदी आपल्या ब्रॉडगेजएवढे. अमेरिकेच्या गाड्यांशी जुळावं म्हणून १८७० च्या दशकात ते चार फूट साडेआठ इंचांवर आणले. नाना गाडीत बसल्यावर म्हणाले, "चांगले होते, उगाच बदलले."

तर मंडळी, जावं की न जावं? आमच्या दोन वर्षांच्या अनुभवातून शहाणपणाच्या चार गोष्टी सांगते.

पहिली. प्रदर्शन किती मोठं आहे हे विचारू नका. चालू लेआउट किती आहेत ते विचारा. काही ठिकाणी जुन्या मालाची खरेदी-विक्रीच जास्त असते. संग्राहकांना ती पर्वणी, पण कुटंबाला घेऊन जाण्यासारखं ते नव्हे. आत गेल्यावर दाराजवळची टेबलं सोडून थेट मागे चालू लागा.

दुसरी. वेळ दोन-तीन तास पुरे. रविवारी अगदी शेवटी जाऊ नका, लोकांना आवराआवरीची घाई असते. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर बसायला जागा कुठे आहे ते आधी बघून ठेवा. आमचा पहिला तास तिथेच फसला.

तिसरी. पहिल्या फेरीत पाकीट उघडू नका! एचओ म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान, रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. एन म्हणजे १६० पट लहान, अंतर ९ मिलिमीटर. आपल्याकडचा साडेतेवीस मीटरचा एलएचबी डबा एचओमध्ये २७ सेंटिमीटर भरेल आणि एनमध्ये जेमतेम १५. एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळावर चालत नाही. माझ्या नवऱ्याने घाईत घेतलेला एक सुंदर डबा अजून आमच्या शोकेसमध्ये उभा आहे, रुळांची वाट बघत.

चौथी. यासाठी दुसऱ्या शहरातून चार-पाच तास गाडी हाकत येऊ नका. तुमच्या गावातला क्लब शोधा. टोरांटोत १९३८ साली स्थापन झालेला मॉडेल रेल्वे क्लब आहे, खऱ्याच्या ४८ पट लहान गाड्यांचा. तिथेच २०२१ पासून 'लिटल कॅनडा' आहे, सगळा देश छोटा करून मांडलेला. आणि पुण्याला गेलात तर कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेलं. मुलांना मामाच्या घरून तिथे जरूर न्या.

पण या चारही गोष्टींच्या आधी एक बघा. तुमच्याबरोबर कोण येणार आहे? कुणी नुसतंच बघायला येणार असेल तर एकदा गेलात तरी पुरे, नाही गेलात तरी बिघडत नाही. पण तुमच्या घरात जर कुणी असं असेल की ज्याला त्यातलं काही सांगता येईल, मग तो रेल्वेतला असो, गिरणीतला फिटर असो, नाहीतर लहानपणी दिवसातून दोनदा फाटक उघडलेलं बघणारी आजी असो, तर शनिवार मोडा. कपडे रविवारी धुता येतात. आणि हो, "जायचंय का?" असं विचारू नका. आपल्या पिढीच्या आई-वडिलांचं उत्तर ठरलेलं असतं, "नको." तिकिटं काढा आणि सांगा, "दहाला निघायचंय."

नानांना आता डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केलाय. ते धुळ्याला असतात. आमचा मुलगा महिन्यातून एकदा क्लबमध्ये जातो आणि आल्यावर आजोबांना फोन लावतो. मराठी अजून धेडगुजरीच आहे, पण बोलणं 'गुड'वर संपत नाही. परवा मी स्वयंपाकघरातून ऐकलं, तो सांगत होता, "आजोबा, आज मी दोन गाड्या क्रॉस केल्या." पलीकडून आवाज आला, "लाईन क्लिअर कुणी दिला?"

ते कात्रण अजून फ्रिजवर आहे. पिवळं पडलंय, पण काढवत नाही.

वडे गरम आहेत असं ऐकते.