ढोलीचं झाड



लाकडाच्या बाजारात पोकळ झाडाला भाव नाही. आतून कुजलेलं, फांद्या मोडलेलं म्हातारं झाड म्हणजे जळाऊ माल. जंगलाचा हिशेब मात्र नेमका उलटा आहे.

सह्याद्रीतला मोठा धनेश घ्या. पंख पसरले तर पाच फूट भरतात, पण या पक्ष्याला स्वतःची ढोली कोरता येत नाही. ती तयारच लागते, आणि मादी आत मावेल एवढी लागते. बुंध्याला तेवढा घेर यायलाच कित्येक दशकं जातात. मग कधी वादळात फांदी मोडते, जखमेत पाणी मुरतं, बुरशी लागते, सुतार पक्षी टोचे मारतो, तेव्हा कुठे ढोली होते. मादी आत शिरून विष्ठेनं दार लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते. पुढचे तीन-चार महिने नर तिला वडा-उंबरांची फळं आणून भरवतो. जोडी तीच ढोली वर्षानुवर्षं वापरते. म्हणजे ते झाड तोडलं की पुढचे कितीतरी विणीचे हंगाम त्याच्याबरोबर गेले. शिवाय मोठ्या बियांची फळं गिळून दूर रुजवणाराही हाच; तो गेला की नव्या झाडांचंही अवघड.

कोकणात धनेशाच्या ढोल्या बऱ्याचदा बेहड्यात सापडतात. बेहड्यावर भुतं असतात हा जुना समज. खरं सांगू? त्या भुतांनी पुष्कळ झाडं राखली. देवराईतली देवानं राखली. आता दोघांचाही धाक उरलेला नाही.

‘एक तोडलं तर दहा लावू’ असं सर्रास म्हटलं जातं. दहा रोपांत मिळून एक ढोली नसते. जुनं झाड वाढायचं थांबतं, हेही खरं नाही. ४०३ जातींच्या झाडांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या बहुतेक जातींत झाड जितकं मोठं, तितकी त्याच्या वजनात दरवर्षी पडणारी भर जास्त, असं दिसलं.

महाराष्ट्रात २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या झाडांना कायद्यानं वारसावृक्षाचा मान दिला, पण तो नागरी भागापुरता. कोकणातलं बरंचसं रान तर खासगी मालकीचं. म्हणून डोंगरउतारावर ज्यांची जमीन आहे, त्यांना एक विनंती : तोडीचा व्यवहार कराल तेव्हा ढोलीची झाडं आधी खुणा करून वगळा, आणि तसं करारात लिहून घ्या.