आरोग्याचा तास आपल्या भाषेत, आपल्या देखरेखीखाली
(खानापूर तालुक्यातील पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मराठी कागदपत्रांसाठी आपण मोर्चे काढले, निवेदने दिली, पुढेही देऊ. पण मुलांना शाळेत आरोग्याचे काय शिकवतात, हे विचारायला आपण कधी गेलो का? हा विषय आपण सरकारवर सोडला, सरकारने शिक्षकांवर आणि शिक्षकांनी "घरी वाचून या" म्हणून मुलांवरच सोडला.

गेल्या वर्षी आपल्या भागातील एका मराठी शाळेत मुलींना लोहाच्या निळ्या गोळ्या वाटल्या. माहिती द्यायला आलेल्या बाई कन्नडमधून, पण मनापासून बोलल्या. मुलींनी माना डोलावल्या. काहींनी गोळी उपाशीपोटी घेतली, त्यांना उलट्या झाल्या. "परत घेऊ नकोस," असे आयांनी बजावले. गोळी जेवणानंतर घ्यायची आणि तिच्यावर लगेच चहा प्यायचा नाही, ही दोन वाक्ये मराठीतून आयांपर्यंत पोचली असती तर गोळ्या वाया गेल्या नसत्या. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात 15 ते 19 वयाच्या दर 100 मुलींपैकी 59 जणींना रक्तक्षय आहे.

दोष केवळ सरकारचा नाही. 2007 साली किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम काही राज्यांनी थांबवला. त्यात महाराष्ट्र होता, तसा कर्नाटकही होता. तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी टाळ्या वाजवल्या. काय शिकवू नये हे सांगायला आपण पुढे होतो. काय आणि कसे शिकवावे हे सांगायला कोणी गेले नाही. पहिली पाळी आल्यावर घाबरून रडणाऱ्या मुलीला त्या टाळ्यांचा काय उपयोग?

आता कायदा आपल्या बाजूने आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेच्या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. सरकारी शाळांत हीच आपली शाळा सुधारणा कमिटी, म्हणजे एसडीएमसी. शाळेचा विकास आराखडा करण्याचे काम तिचे आहे. 2020 साली सुरू झालेल्या केंद्राच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांनी आठवड्याला एक तास आरोग्य शिकवायचे ठरले आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे घटनेचे कलम 350अ सांगते. मग हा तास मराठी शाळेत मराठीतूनच हवा, ही मागणी भीक नव्हे.

पण नुसते भाषांतर पुरणार नाही. निपाणी भाग तंबाखूचा. विड्या वळून घर चालवणाऱ्या आईच्या मुलाला "तंबाखू वाईट" एवढेच सांगितले, तर त्याला आईचीच लाज वाटेल. तिथे काय बोलायचे ते तिथल्या आयांना विचारूनच ठरले पाहिजे. आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या मुलींचा प्रश्न वेगळा आहे. शाळेत पाणी आणि कडी लागणारे स्वच्छतागृह नसेल, तर पाळीच्या दिवसांत त्या घरीच बसतात.

म्हणून आम्ही चार गोष्टी सुचवतो. कमिटीच्या पुढच्या बैठकीत आरोग्याच्या तासाचे वेळापत्रक मागून घ्या. मराठी माहितीपत्रकांची लेखी मागणी करा आणि पोच घ्या. ती येईपर्यंत आशाताई, अंगणवाडी सेविका व गावातले डॉक्टर यांना शाळेत बोलवा. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणाबरोबर अर्धा तास या विषयाला द्या. आया बोलू लागल्या की मुली विचारू लागतील.

कमिटीवर नाव आहे आणि बैठकीला जायचे नाही, सही मात्र घरी मागवून करायची, हे आता बंद करू या. मराठी शाळा टिकवायची ती तिच्यातल्या मुलांसाठी. ती मुले धडधाकट राहावीत, हेही भाषेचेच काम आहे.

जय हिंद, जय महाराष्ट्र!