मुंबई ते लंडन : मैल आणि तास



मुंबईहून लंडन किती दूर, या प्रश्नाचे उत्तर पूर्वी लोक आठवड्यांत देत. आज तासांत देतात. १८६९ साली सुएझचा कालवा खुला होण्यापूर्वी आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या शिडाच्या जहाजास कित्येक महिने लागत. कालव्यानंतर आगबोटीने हा प्रवास दोन-तीन आठवड्यांवर आणला. पुढे ८ जून १९४८ च्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ विमान मुंबईहून उडाले आणि कैरो व जिनिव्हा येथे थांबून १० जून रोजी लंडनला उतरले. आज हेच अंतर विमान वाटेत न थांबता नऊ-दहा तासांत तोडते.

हे अंतर मोजावयाचे ते नकाशावर पट्टी ठेवून नव्हे. पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरा. तो इराण, कास्पियन समुद्र व काळा समुद्र यांवरून, पट्टीच्या रेषेच्या बराच उत्तरेस जाईल. हाच सर्वांत जवळचा मार्ग; सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे साधारण ४,४७० मैल. मात्र विमानास नेहमीच दोऱ्याप्रमाणे जाता येत नाही. २०१९ साली फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानने आपले आकाश बंद ठेवले, तेव्हा भारतातून पश्चिमेस जाणाऱ्या अनेक विमानांना वळसा पडला.

अंतर एकच असूनही जाण्यास अधिक वेळ लागतो व येण्यास सुमारे एक तास कमी. कारण उंच आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. जाताना ते विमानास अडवितात, येताना ढकलतात. त्यात घड्याळ आणखी फसविते. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी दोनला निघालेले विमान दहा तासांनी उतरते, तेव्हा लंडनच्या घड्याळात सायंकाळचे साडेसहाच वाजलेले असतात. कारण तेथील घड्याळ आपल्यामागे साडेपाच तास असते. उन्हाळ्यात हे अंतर साडेचार तासांचे होते.

आता या हिशेबाचा आपल्या घराशी संबंध काय, ते सांगतो. ज्यांची मुले विलायतेस आहेत, ते आईबाप ‘दहा तासांचा तर प्रवास’ म्हणून मनाचे समाधान करून घेतात. परंतु आजारपणाची वार्ता कळल्यावर मुलाला रजा मिळवावी लागते, तिकीट काढावे लागते, विमान सुटण्यापूर्वी दोन-तीन तास विमानतळावर हजर राहावे लागते. उतरल्यावर पारपत्राची तपासणी होते, सामान यावयाचे असते, आणि घर पुण्यास वा नाशकास असेल तर पुढे आणखी चार-पाच तास. दहा तासांचा असा दिवस-दीड दिवस होतो. आपल्याकडे अंत्यसंस्कार तर बहुधा त्याच दिवशी उरकतात.

मुलगा पोहोचला नाही, की लोक बोल लावतात. आगबोटीच्या काळी असा बोल कोणी लावीत नसे. येणे अशक्यच आहे, हे सर्वांस ठाऊक होते. वेगाने अंतर कमी केले, पण अपेक्षा वाढविली, आणि न पोहोचणाऱ्याच्या माथी जन्मभराचा सल ठेवला.

म्हणून घरोघरच्या वडीलधाऱ्यांस माझी विनंती आहे, की वेळ आल्यास मुलासाठी थांबावयाचे की नाही, हे त्यांनी धडधाकट असतानाच स्वस्थ चित्ताने सांगून ठेवावे. आणि परदेशस्थ मुलांनी अखेरच्या दर्शनासाठी धावण्यापेक्षा, बोलता-चालता सहवास घडेल अशा दिवसांत एक फेरी अधिक करावी. दहा तासांचा खरा लाभ तोच.