विद्यापीठाचें ग्रंथालय आणि मालवणचा एक प्रश्न

आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर प्रश्न विचारण्याची एक जुनी रीत आहे. घरांतलें लग्न अडलेलें असो, नवी होडी पाण्यांत लोटावयाची असो, कीं भावाभावांतील वाटणीचा तंटा असो. माणूस ग्रामदेवतेच्या देवळांत जाऊन कौल लावतो. मात्र देवाशीं तो स्वतः बोलत नाहीं. त्याच्या वतीनें एखादा जाणता माणूस गाऱ्हाणें घालतो. तो आधीं अडचण ऐकून घेतो, न सांगितलेल्या दोन गोष्टी हळूच काढून घेतो, आणि मग सारें अशा शब्दांत मांडतो कीं, कौल उजवा येवो वा डावा, त्याचा कांहीं अर्थ लागावा. लहानपणीं मला वाटे, देवाला सर्व ठाऊक असतांना हा मध्यस्थ कशाला? पुढें आयुष्याचीं तीस वर्षें एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत गेलीं, तेव्हां त्या मध्यस्थाची किंमत मला कळली.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचें नांव काढतांच आपल्या डोळ्यांपुढें इमारत उभी राहते. मुंबईचेंच घ्या. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगींतून १८७८ सालीं पुरें झालेलें, त्यांच्या मातोश्रींच्या नांवाच्या राजाबाई टॉवरला लागून असलेलें तें ग्रंथमंदिर, त्याच्या त्या रंगीत कांचांच्या खिडक्या! तेथें पहिल्यानें पाऊल टाकणाऱ्या कोंकणी विद्यार्थ्याचा आवाज आपोआप खालीं येतो. माझा तर पार नाहींसा झाला होता. अशा ठिकाणीं ग्रंथ किती आहेत, हें प्रत्येक जण विचारतो; तेथें विचारलेल्या प्रश्नाचें पुढें काय होतें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. मला आज त्या दुसऱ्या गोष्टीविषयीं बोलावयाचें आहे, आणि तेंही आमच्या गांवच्या एका प्रश्नाच्या आधारानें.

गोष्ट सुमारें चाळीस वर्षांपूर्वींची. १९८१ सालीं सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला, त्यानंतरच्या थोड्या वर्षांतली. एके दिवशीं दुपारीं एक वृद्ध गृहस्थ आमच्या ग्रंथालयांत आले. चपला त्यांनीं बाहेर काढून ठेवल्या होत्या. दारांतच उभे राहून म्हणाले, "सायबानू, आमच्या किल्ल्याचा पुस्तक आसा काय?"

मीं कपाटांतून सिंधुदुर्ग किल्ल्यावरचीं दोन मराठी पुस्तकें काढून दिलीं. तीं त्यांनीं उभ्या उभ्या चाळलीं, कपाळाला लावलीं आणि परत केलीं. "ह्या न्हय," एवढेंच म्हणाले आणि निघून गेले. मीं त्यांना अडवलें नाहीं. वाचकानें मागितलें तें दिलें, न आवडलें तर तो काय करणार, अशी माझी त्या वेळची समजूत होती. आठ दिवसांनीं ते पुन्हां आले, आणि पुन्हां तोच प्रश्न! तेव्हां मीं दोन विद्यापीठांच्या ग्रंथालयांना एकच मजकुराचीं दोन पत्रें धाडलीं. मजकूर असा, कीं सिंधुदुर्ग किल्ल्याची माहिती असलेले ग्रंथ आपणांकडे असल्यास कृपया कळवावें.

पहिल्या ठिकाणाहून एका ओळीचें उत्तर आलें. "माहिती उपलब्ध नाहीं." त्या ग्रंथालयाचें नांव मी घेत नाहीं, कारण निम्मा दोष माझ्या प्रश्नाचाच होता. दुसऱ्या ठिकाणाहून आलेल्या पत्रांत तर माहितीही नव्हती आणि नकारही नव्हता. होते ते उलट मलाच विचारलेले पांच-सहा प्रश्न. किल्ल्याच्या कोणत्या काळाची माहिती हवी? बांधणीची, आरमाराची कीं नंतरच्या राजकारणाची? वाचक शाळकरी आहे, संशोधक आहे कीं केवळ जिज्ञासू? त्यांना इंग्रजी वाचतां येतें काय? केव्हांपर्यंत उत्तर हवें? आणि ही माहिती नुसती वाचावयाची आहे, कीं कोणाला दाखवावयाची आहे?

खरें सांगतों, मला राग आला. आम्ही उत्तर मागावें आणि यांनीं आमचीच उलटतपासणी घ्यावी! पण शेवटच्या प्रश्नाशीं मी अडखळलों. त्याचें उत्तर मला देतां येईना. त्याच संध्याकाळीं मी दांडीच्या बाजूला त्या गृहस्थांचें घर शोधीत गेलों.

पडवींत बसल्यावर, चहा झाल्यावर, हळूहळू सर्व बाहेर आलें. त्यांचा नातू आठवीत होता. पेशवाई बुडण्यापूर्वींच इंग्रजांनीं एकदां सिंधुदुर्ग घेतला होता, असें त्यानें परीक्षेंत लिहिलें. मास्तरांनीं तांबड्या शाईनें काट मारली आणि बाजूला लिहिलें, "इंग्रजी अंमल १८१८ पासून." गुणांचें कांहीं नव्हतें. पण मुलगा वर्गांत उभा राहून म्हणाला कीं, हें मला माझ्या आज्यानें सांगितलें. आणि सगळा वर्ग हंसला. त्या दिवसापासून त्यानें वर्गांत हात वर केला नाहीं. रात्रीं आज्याजवळ गोष्टी ऐकावयास बसत असे, तेंही सोडलें. म्हातारा समुद्राकडे पाहत म्हणाला, "आता तो माका कायच इचारणा नाय."

म्हणजे किल्ल्याचें पुस्तक त्यांना नकोच होतें. १८१८ च्या आधीं इंग्रज त्या किल्ल्यांत होते, असें कोठें छापलें आहे काय, एवढेंच त्यांना हवें होतें. घरांतल्या गोष्टीचा आणखी एक भाग होता. त्या वेळीं त्यांचा कोणी पूर्वज रात्रीं किल्ल्यांतून पोहत निरोप घेऊन किनाऱ्याला आला, असें घरांत सांगत. तेंही सांपडलें तर पाहिजे होतें.

मीं तें सर्व जसेंच्या तसें लिहून पाठविलें. तीन आठवड्यांनीं जाड लिफाफा आला. शोध कसा घेतला तेंही त्यांनीं लिहिलें होतें. इंग्रजी इतिहासग्रंथांच्या सूचींत 'सिंधुदुर्ग' या नांवाखालीं प्रथम कांहींच मिळालें नाहीं. तेव्हां त्यांनीं मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८० सालचा दहावा खंड उघडला. तो रत्नागिरी आणि सावंतवाडी यांचा. त्यांत मालवणच्या वर्णनांत मजकूर मिळाला. १७६५ सालीं कंपनीच्या सैन्यानें करवीरकरांकडून हा किल्ला घेतला, कायम ठेवण्याच्या विचारानें त्याचें नांव 'फोर्ट ऑगस्टस' ठेवलें. पण तो ठेवणें परवडेना, म्हणून करवीरकरांना परत दिला. पुढें १८१२ च्या तहानें तो कायमचा इंग्रजांकडे गेला. मालवण हें पेशव्यांचें नव्हे, कोल्हापूरच्या छत्रपतींचें होतें. म्हणून पेशवाईच्या अखेरीचा सन येथें लागू पडत नाहीं. मास्तरांचा सन पुण्यापुरता बरोबर होता. मालवणापुरता म्हाताऱ्याचा आठव बरोबर होता.

एकदां 'फोर्ट ऑगस्टस' हें नांव हातीं आल्यावर पुढची वाट मोकळी झाली. जुन्या इंग्रजी लिखाणांत मालवणला 'मेलुंडी' असेंही म्हणत. त्या नांवाखालीं आणखी दोन उल्लेख मिळाले. त्या पानांच्या छायाप्रती, प्रत्येकीवर ग्रंथाचें नांव, साल आणि पृष्ठांक, आणि सोबत अर्ध्या पानाचा मराठी सारांश. कारण वाचकाला इंग्रजी येत नाहीं, हें मीं कळविलें होतें. पत्राच्या शेवटीं चार ओळी होत्या, त्या मला सर्वांत मोलाच्या वाटल्या. पोहत आलेल्या मनुष्याचा उल्लेख आम्हांला आढळला नाहीं. अमुक अमुक ग्रंथ पाहिले. त्यावरून तें घडलेंच नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. कंपनीच्या काळचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारांत आहेत, तेथें शोध घेतां येईल. 'माहिती उपलब्ध नाहीं' हाही नकार आणि हाही नकारच. पण पहिल्यानें दार लागतें, दुसऱ्यानें पुढच्या घराचा पत्ता मिळतो.

आपल्या प्रांतांत तर हा पत्ता पदोपदीं लागतो, कारण येथें नांवें आणि हद्दी फार बदलल्या. सिंधुदुर्ग जिल्ह्याची १९७१ ची लोकसंख्या विचाराल, तर ती रत्नागिरीच्या आंकड्यांत शोधावी लागेल. सावंतवाडी १९४८ पर्यंत संस्थान. तेव्हां तिचे आंकडे आणि अहवाल निराळे. वेंगुर्ल्याच्या डच वखारीविषयीं वाचावयाचें, तर डचांचें 'विंगुर्ला' हें लेखन माहीत हवें. हें सर्व विचारणाऱ्याला ठाऊक असावें, अशी अपेक्षा करणें म्हणजे रोग्यानेंच औषधाचें नांव सांगावें, असें म्हणण्यासारखें आहे.

वाचकाला असें साहाय्य करणें हें ग्रंथपालाचें कर्तव्यच होय, हा विचार अमेरिकेंत वूस्टर गांवच्या सॅम्युएल ग्रीन यांनीं १८७६ सालीं मांडला. आपल्याकडे त्याला शास्त्राची बैठक दिली ती शियाळि रामामृत रंगनाथन यांनीं. हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ सालीं मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि आरंभीं त्या शांततेला इतके कंटाळले कीं, परत शिकविण्याकडे जाण्याचा विचार करूं लागले होते. पुढें इंग्लंडांतील ग्रंथालयें पाहून आले आणि त्यांचें मत पालटलें. १९३१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पांच सूत्रांतलें एक वाचकाचा वेळ वांचविण्याविषयीं आहे. वाचकाला उलट पांच प्रश्न विचारण्यांत वेळ जातो असें वरवर वाटतें. माझा अनुभव उलट आहे. मीं पहिल्या दिवशीं त्या वृद्धाला बसवून एकच प्रश्न विचारला असता, तर दोन महिने वांचले असते.

आतां ग्रंथालयानें कोठें थांबावें, हेंही सांगितलें पाहिजे. एकदां रापणीच्या मंडळींपैकीं कांहीं जण माझ्याकडे आले. यांत्रिक बोटी किनाऱ्यालगत येतात, त्याला कायदा काय म्हणतो, हें त्यांना पाहिजे होतें. १९८१ चा महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा मागवून त्यांच्या पुढ्यांत ठेवला. "मग आमी जिंकतलों काय?" हा त्यांचा पुढचा प्रश्न, त्याचें उत्तर वकिलाकडे आणि न्यायासनाकडे. औषधांविषयींच्या प्रश्नांचेंही तसेंच. आणि विद्यार्थी जेव्हां आपला निबंधच लिहून मागतात, तेव्हां नम्रपणें नाहीं म्हणावें. मात्र कोणत्या कपाटापासून आरंभ करावा, तें दाखवावें.

कांहीं मागण्या माहितीच्या नसून ग्रंथाच्याच असतात. तेथेंही 'आमच्याकडे नाहीं' हें अर्धेंच उत्तर. घाट चढून गेल्यावर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचें ग्रंथालय आहे; त्याला बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांचें नांव आहे, आणि तेंच नांव आमच्या वेंगुर्ल्याच्या महाविद्यालयालाही आहे. तेरेखोल ओलांडली कीं गोवा विद्यापीठ; तेथें इतिहाससंशोधक पां. स. पिसुर्लेकर यांचा ग्रंथसंग्रह असल्यामुळें पोर्तुगीज काळाच्या अभ्यासकाला प्रथम तिकडेच पाठवावें. ग्रंथालयांनीं एकमेकांना ग्रंथ देण्याची व्यवस्था दिल्लीच्या 'डेलनेट'नें १९८८ पासून केली आहे, आणि गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट'च्या 'शोधगंगा' संग्रहांत देशांतील विद्यापीठांचे हजारों प्रबंध घरबसल्या वाचावयास मिळतात. ते मालवणांत बसूनही उघडतात. मात्र पावसाळ्यांत वीज असली पाहिजे.

आणखी एक लहानशी वही असते, तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. चांगल्या संदर्भ विभागांत विचारलेला प्रत्येक प्रश्न, कोठें पाहिलें आणि काय मिळालें, हें टिपून ठेवतात. आमच्या प्रश्नाची नोंद त्या वहींत झाली असल्यास 'फोर्ट ऑगस्टस' दुसऱ्या कोणाला शोधावा लागणार नाहीं.

आज संगणकावर 'सिंधुदुर्ग' हा शब्द घातला कीं क्षणांत लक्षावधि उत्तरें येतात. त्यांतलीं पुष्कळशीं उतरण्याच्या जागा आणि होडीचें भाडें यांविषयीं असतात. जुनें गॅझेटियरही त्यांत कोठेंतरी आहेच. परंतु दाराशीं चपला काढून उभ्या राहिलेल्या माणसाला "हें कोणाला दाखवावयाचें आहे काय?" असें विचारणारें त्यांत कोणी नाहीं.

त्या पानांचें पुढें काय झालें, तें सांगून पुरें करतों. म्हाताऱ्यानें तीं शाळेंत नेलीं. निकालपत्रकें गेलेलीं होतीं, त्यामुळें गुण बदलले नाहींत. पण मास्तरांनीं, हें त्यांच्याविषयीं सांगितलेंच पाहिजे, त्या मुलाला पुढें उभें करून तीं पानें स्वतः वर्गांत वाचून दाखविलीं, आणि १७६५ व १८१२ हे दोन्ही सन फळ्यावर लिहिले. आठ दिवसांनीं आजोबा पुन्हां ग्रंथालयांत आले. या खेपेस नातू बरोबर होता. दारांत न थांबतां ते सरळ आंत आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "सायबानू, ह्यो इचारता, मेलुंडी म्हणजे काय ओ? ह्या नाव खयसून इला?"

मीं टेबलाच्या खणांतून एक पोस्टकार्ड काढलें.